ओल भिंतीत, दुखणे जमिनीखाली

माटुंग्यातील जुन्या इमारतींच्या तळमजल्यांना पावसाळ्यात एक ठरलेले दुखणे जडते. भिंतीच्या पायथ्याशी ओलीची रेघ उमटते, काही दिवसांत ती गुडघ्यापर्यंत चढते, रंगाचे पोपडे सुटतात आणि त्याखालचा पांढरा लोणा दिसू लागतो. दिवाळीपूर्वी रंगारी बोलावला जातो, जलरोधक गिलावा केला जातो आणि पुढच्या आषाढात ओल पुन्हा हजर होते. बहुधा पूर्वीपेक्षा वीतभर उंचावर. कंत्राटदार वाईट होता की सामान वाईट होते, यावर सोसायटीच्या सभेत वाद रंगतो. ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी तो मात्र विचारला जात नाही. हे पाणी नेमके कोठून येते?

तळमजल्याच्या भिंतीत चार प्रकारचे पाणी येऊ शकते. पहिले पावसाचे, जे आवारात साचून पायाकडे वळते. दुसरे भूजल, म्हणजे जमिनीत मुरून वर आलेले. तिसरे महापालिकेच्या किंवा इमारतीच्या नळवाहिनीतून गळणारे आणि चौथे जुन्या मलवाहिनीच्या सांध्यांतून पाझरणारे. चौघांचे डाग भिंतीवर सारखेच दिसतात, परंतु चौघांचे उपाय वेगळे, खर्च वेगळा आणि जबाबदारीही वेगळी. शिवाय चौथ्या प्रकाराचा संबंध घराच्या रंगाशी कमी आणि घरातल्यांच्या प्रकृतीशी अधिक आहे.

माटुंग्याची जमीन

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीची वस्ती आणि तुंबलेली गटारे यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधले गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने आखलेल्या योजनांपैकी दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजनांतून आजचे माटुंगा आकाराला आले. रुंद, वृक्षांकित रस्ते, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून उभ्या केलेल्या इमारती आणि फाइव्ह गार्डन्ससारखी उद्याने ही या आखणीची खूण. आखणी शतकाच्या आरंभीची असली तरी बहुतेक इमारती उभ्या राहिल्या त्या १९२० ते १९४० च्या दशकांत.

या इमारतींचे वैशिष्ट्य म्हणजे स्वयंपूर्ण बिऱ्हाड. गिरगावच्या चाळीत सामाईक संडास असत; माटुंग्याच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघर आणि संडास घरातच आला. इतिहासकार निखिल राव यांनी ‘हाऊस, बट नो गार्डन’ या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुंबईच्या या नव्या निवासपद्धतीचा विस्ताराने वेध घेतला आहे. संडास घरात येण्यासाठी जमिनीखाली पाईपांचे जाळे लागते. ते जाळे इमारतीइतकेच जुने आहे. अनेक ठिकाणी इमारतीला चार वेळा रंग लागला, पाईपांना मात्र कोणी हात लावलेला नाही.

पाईप ज्या जमिनीत पुरले आहेत तीही विचारात घेतली पाहिजे. मुंबई बेटावर बेसाल्टच्या टेकड्या आणि त्यांच्यामधले सखल भाग अशी रचना आहे. सखल भागात पूर्वी भातखाचरे, बागा आणि दलदल होती. तेथे भराव घालून वस्ती झाली. अशा जमिनीत वर भराव, त्याखाली चिकणमाती आणि त्याखाली मुरूम व खडक असे थर सापडतात. चिकणमातीतून पाणी सहज खाली उतरत नाही. त्यामुळे वर्षाकाठी पडणारा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस वरच्या भरावातच अडकतो आणि पावसाळ्यात भूजलाची पातळी पायाच्या जवळ येऊन ठेपते. किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटचा परिसर पावसात का तुंबतो, याचेही एक कारण हा सखलपणा आहे.

याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळाली. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला. घरगुती विहिरींत डासांची पैदास होते, हे त्यातून पुढे आल्यावर विहिरी झाकण्याची व बुजवण्याची मोहीम शहरात चालली. विहिरीचा रोजचा उपसा थांबला की भोवतालचे पाणी वर येते. जुन्या आवारात एखादी बुजवलेली विहीर असेल तर तिच्यातला सैल भराव आजही पाणी धरून ठेवतो. दुसरी गोष्ट रस्त्यांची. डांबराचे थरावर थर चढत गेले आणि एके काळी रस्त्यापेक्षा उंच असलेली जोती आज त्याच्या बरोबरीला किंवा खाली आली आहेत. आवारातही मूळ फरशीवर पेव्हर ब्लॉक बसले. परिणामी जोत्यातला ओलरोधक थर जमिनीखाली गाडला गेला आणि बाहेरची ओली माती थेट विटांना भिडली.

जुना पाईप कसा दगा देतो

जुन्या इमारतीत मैल्याचा आणि सांडपाण्याचा असे दोन स्वतंत्र उभे पाईप असतात. दोन्ही सहसा बिडाचे, शिसे ओतून सांधलेले. मैल्याचा पाईप थेट चेंबरमध्ये उतरतो; मोरीचे पाणी गली ट्रॅपमधून चेंबरमध्ये जाते. पुढे एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत आडवी वाहिनी जाते आणि शेवटच्या चेंबरमधून रस्त्याखालच्या महापालिकेच्या मलवाहिनीला मिळते. ही आडवी वाहिनी जुन्या काळी स्टोनवेअरची, म्हणजे भाजक्या मातीच्या चकचकीत लेपाच्या पाईपांची असे.

स्टोनवेअर हा पदार्थ वाईट नाही. आम्ल, क्षार, मैला यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. त्याचे दुबळेपण सांध्यात आहे. हे पाईप साधारण दोन फूट लांबीचे असतात, म्हणजे वीस मीटरच्या वाहिनीत तीसहून अधिक सांधे आले. प्रत्येक सांधा ताग आणि सिमेंट भरून केलेला, म्हणजे ताठ. भराव थोडा खचला तरी ताठ सांध्याला चीर जाते. चिरेतून पाणी बाहेर पडते, भोवतालची माती वाहून जाते, पाईपाखाली पोकळी होते आणि पाईप अधिकच खचतो. जेथे तो खचतो तेथे मैला साचतो.

दुसरा शत्रू झाडाची मुळे. माटुंग्याची सावली ज्या वृक्षांमुळे आहे त्यांची मुळे ओलाव्याच्या शोधात नेमकी गळक्या सांध्याकडे वळतात. केसाएवढे तंतू आत शिरतात, पाईपात त्यांची जटा वाढते आणि मैला अडतो. अशा वेळी झाडावर राग काढण्यात अर्थ नाही. मुळे सांध्यात शिरली याचा अर्थ सांधा आधीच गळत होता. शिवाय महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

तिसरे कारण वापरात झालेली वाढ. ज्या काळात हे पाईप टाकले तेव्हा घरोघरी धुलाईयंत्रे नव्हती. आज एका फ्लॅटला दोन न्हाणीघरे झाली आहेत, वर मजले चढले आहेत आणि स्वयंपाकघरातले तेलकट पाणी थंड झाल्यावर वाहिनीच्या तळाशी थिजते. पाईप तोच राहिला. त्यातून जाणारे पाणी मात्र वाढले.

टाकी आणि चेंबर यांचा शेजार

या सगळ्यातला खरा धोका भिंतीच्या ओलीपेक्षा गंभीर आहे. इमारतीभोवतीची जी मोकळी जागा ट्रस्टच्या काळात हवा-उजेडासाठी सोडली गेली, तिच्यातच चेंबर आणि मलवाहिनी आली आणि पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकीही तेथेच आली. अनेक आवारांत दोन्ही एकमेकांपासून काही पावलांवर असतात. टाकीची भिंत जुनी विटांची असेल, तिला चिरा असतील आणि शेजारची मलवाहिनी पाझरत असेल, तर मधल्या मातीचा पडदा पुरेसा ठरत नाही.

हा धोका जगाने फार पूर्वी पाहिला आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी ती एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडली. पुढे खोदकाम झाले तेव्हा शेजारच्या घराचा मैलाखड्डा त्या पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर आणि त्याच्या विटांचे सांधे सुटलेले आढळले. रोग पसरला तो कुजक्या सांध्यांतून.

मुंबईत या धोक्याला पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाची जोड आहे. बहुतेक भागांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. वाहिनीत दाब असतो तेव्हा गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. पुरवठा थांबला, दाब ओसरला की उलट घडते. भोवतालचे घाण पाणी त्याच सांध्यातून आत ओढले जाते आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या धारेबरोबर टाकीत येते. गॅस्ट्रो, विषमज्वर आणि अ व ई प्रकारची कावीळ हे सारे आजार दूषित पाण्यातून पसरतात. एकाच इमारतीत एकामागून एक काविळीचे रुग्ण निघू लागले, तर हॉटेलच्या खाण्याला दोष देण्याआधी टाकी आणि चेंबर यांच्यामधले अंतर पाहावे.

टाकीची एक साधी परीक्षा प्रत्येक सोसायटीला करता येते. रात्री टाकीत येणारा नळ घट्ट बंद करावा, पंप थांबवावा, पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पुन्हा पाहावे. पातळी खाली गेली असेल तर टाकी बाहेर गळते आहे. पातळी वर आली असेल तर बाहेरचे पाणी आत येते आहे. दुसऱ्या प्रकारात ते पाणी पिणे तत्काळ थांबवून टाकी रिकामी करणे आणि नमुना तपासणीला देणे, हाच मार्ग. परीक्षा पावसाळ्यातही करावी, कारण मार्चमध्ये निर्दोष ठरलेली टाकी जुलैत, भूजल वर आल्यावर, वेगळे उत्तर देऊ शकते.

पाणी ओळखण्याच्या कसोट्या

भिंत फोडण्याआधी निदान हवे. त्यासाठी पुढील कसोट्या क्रमाने लावाव्यात.

वेळ : पाझर केव्हा वाढतो याची दोन आठवडे नोंद ठेवावी. नळाच्या पाळीतच वाढत असेल तर संशय बाहेरून येणाऱ्या नळवाहिनीवर. सकाळ-संध्याकाळ, म्हणजे आंघोळ-धुण्याच्या वेळी वाढत असेल तर सांडपाण्याच्या वाहिनीवर. चोवीस तास सारखाच असेल तर गच्चीवरील टाकीतून उतरणाऱ्या पाईपावर. पाऊस पडताच वाढून उघडीप होताच ओसरत असेल तर ते पृष्ठभागावरचे पाणी. पाऊस संपल्यावरही कित्येक आठवडे रेंगाळत असेल तर बहुधा भूजल. खाडीजवळच्या सखल भागात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी त्याचा मेळ बसतो का, हेही पाहावे.

जागा : भिंतीच्या पूर्ण लांबीत सारख्या उंचीवर ओल असेल तर ती जमिनीतून चढणारी. एकाच ठिकाणी गोल वा उभा डाग असेल तर त्याच्या आसपास पाईप शोधावा. फरशीचा एखादाच भाग बसला असेल, तर खालची माती वाहून गेली असण्याची शक्यता असते.

तपासणी : ओल्या भिंतीचा चुरा न घेता ठिबकणारे पाणी स्वच्छ बाटलीत घ्यावे. तलावांतून येणाऱ्या मुंबईच्या नळपाण्यात विरघळलेले क्षार कमी असतात. किनाऱ्याजवळच्या भूजलात ते कितीतरी पटींनी जास्त. नळपाण्यात क्लोरीन असतो, भूजलात नसतो. मात्र मातीतून जाताना क्लोरीन नष्ट होतो, म्हणून तो सापडला तर नळाचे पाणी असे म्हणता येते. न सापडल्यास काहीच सिद्ध होत नाही. अमोनिया आणि कोलिफॉर्म जिवाणू अधिक आढळले तर मलवाहिनीकडे बोट जाते.

रंग : फ्लोरेसीनसारखा निरुपद्रवी चमकता रंग एका वेळी एकाच संडासात किंवा मोरीत ओतावा आणि पाझराच्या जागी व चेंबरमध्ये लक्ष ठेवावे. दुसऱ्या ठिकाणची परीक्षा किमान एक दिवस सोडून करावी, नाहीतर रंग कोणाचा हे कळत नाही.

पाण्याचा दाब : दोन चेंबरमधल्या वाहिनीचे खालचे तोंड रबरी फुग्याने बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरावे आणि अर्धा तास पातळी पाहावी. पातळी झपाट्याने उतरली तर वाहिनी गळकी. नेमकी जागा शोधण्यासाठी वाहिनी जेटने धुऊन तिच्यात कॅमेरा फिरवता येतो. त्याचे चित्रीकरण सोसायटीने आपल्याजवळ मागून ठेवावे.

भूजलाची पातळी पाहण्याची युक्तीही सोपी आहे. आवारात पायापासून थोडे दूर हाताच्या बोअरने छिद्र घेऊन त्यात सच्छिद्र पाईप उभा करावा, वर झाकण बसवावे आणि दर आठवड्याला दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजावी. जून ते डिसेंबर अशी नोंद हाती असेल तर अभियंत्याला अंदाजावर विसंबावे लागत नाही.

आधी पृष्ठभाग, मग वाहिनी

उपायांचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत असा असावा. सर्वप्रथम पावसाचे पाणी. गच्चीचे पाणी उतरवणारे पाईप जोत्याशीच मोकळे सोडलेले असतात. ते पर्जन्यजलवाहिनीपर्यंत न्यावेत. आवाराचा उतार इमारतीपासून बाहेर असावा. जोत्याभोवती किमान दीड-दोन फूट रुंदीची पक्की पट्टी आणि तिच्या कडेला नाली असावी. भिंतीला टेकून बांधलेले कुंड्यांचे ओटे आणि फुलझाडांचे वाफे काढावेत. वर्षभर पाणी घालून आपणच पायाला ओल देत असतो. आवार नव्याने फरसबंद करताना जुना थर काढून मगच नवा बसवावा.

मुंबईत पावसाच्या पाण्याची आणि मैल्याची व्यवस्था वेगळी आहे. गच्चीचे पाणी मलवाहिनीत सोडणे, किंवा मैल्याचा पाईप पावसाच्या नालीला जोडणे, ही दोन्ही कामे बेकायदा आणि घातक आहेत. पहिल्यामुळे मुसळधार पावसात तळमजल्याच्या संडासातून मैला उलटा येतो. दुसऱ्यामुळे तो समुद्रात जातो.

त्यानंतर मलवाहिनी. एक-दोन सांधे गेले असतील तर तेवढाच तुकडा बदलता येतो. मात्र निम्म्याहून अधिक सांधे गळके असतील तर संपूर्ण वाहिनी बदलणेच शहाणपणाचे. नव्या वाहिनीसाठी जाड भिंतीचे यूपीव्हीसी किंवा एचडीपीई पाईप वापरले जातात. त्यांची लांबी जास्त, म्हणून सांधे कमी. यूपीव्हीसीचे रबरी कड्यांचे सांधे लवचीक असतात, तर एचडीपीई पाईप वितळवून एकसंध करता येतात. जमीन थोडी हलली तरी ते सुटत नाहीत. जेथे खोदणे अशक्य, उदाहरणार्थ इमारतीच्या पोटाखाली, तेथे जुन्या पाईपात राळेने भिजवलेली नळी सरकवून ती आतल्या आत कठीण करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. पण पाईप खचून वाकला असेल तर हे अस्तर त्या बाकालाच कायम करते.

उताराबाबत तडजोड करू नये. चार इंची पाईपाला चाळीसास एक आणि सहा इंचीला साठास एक हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो. म्हणजे वीस मीटर लांबीच्या सहा इंची वाहिनीला सुमारे ३३ सेंटिमीटर आणि चार इंचीला ५० सेंटिमीटर उतार हवा. तेवढा उतार मिळतो का, हे शेवटच्या चेंबरच्या तळाची पातळी मोजून आधीच ठरवावे. चर खणल्यावर विटांच्या तुकड्यांवर पाईप ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. त्याला पूर्ण लांबीत वाळूचा किंवा बारीक खडीचा सलग आधार हवा. चर बुजवण्यापूर्वी पाणी भरून परीक्षा घ्यावी आणि छायाचित्रे काढून ठेवावीत.

सखल भागातील इमारतींनी शेवटच्या चेंबरमध्ये उलटे पाणी रोखणारी झडप बसवण्याचा विचार करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक तळमजल्यांनी या झडपेची गरज अनुभवली. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने आखल्या होत्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर नेण्याचे ठरवले. त्याहून मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी साचणारच. झडपेची मर्यादाही ध्यानात हवी. ती मिटलेली असताना इमारतीचे स्वतःचे सांडपाणीही बाहेर जात नाही, म्हणून त्या काळात वरच्या मजल्यांनी पाण्याचा वापर थांबवायला हवा.

भूजलाचा बंदोबस्त

मलवाहिनी दुरुस्त झाल्यावर अनेक ठिकाणी ओल निम्म्याने कमी होते. उरते ते भूजल. त्याला अडवण्यापेक्षा वाट करून देणे सोपे. पायापासून सुरक्षित अंतरावर चर खणून, त्यात जाळीदार कापडात गुंडाळलेला सच्छिद्र पाईप व खडी भरून पाणी एका खड्ड्यात आणावे आणि तेथून लहान पंपाने पर्जन्यजलवाहिनीत सोडावे. चराची खोली संरचना अभियंत्याने ठरवावी. पायाच्या पातळीखाली बेसुमार खणले, किंवा पंपाबरोबर माती उपसली गेली, तर पाया खचतो. शेजारच्या भूखंडावर पुनर्विकासासाठी तळघर खोदले जात असेल आणि रात्रंदिवस पाणी उपसले जात असेल, तर काम सुरू होण्याआधीच आपल्या इमारतीच्या भिंतींची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत आणि चिरांवर काचपट्ट्या बसवाव्यात. पुढे वाद झाल्यास तोच पुरावा.

पर्जन्यजलसंधारणाचा येथे विवेकाने विचार हवा. कोरड्या गावात शोषखड्डा वरदान ठरतो. जेथे भूजल आधीच दोन हातांवर आहे, तेथे जोत्याशेजारी शोषखड्डा करणे म्हणजे ओल विकत घेणे. अशा ठिकाणी गच्चीचे पाणी टाकीत साठवून संडास व बागेसाठी वापरावे. आवारातील जुन्या विहिरीचे पाणी याच कामासाठी नियमित उपसले तर पातळीही आटोक्यात राहते. मात्र विहिरीचे पाणी पिण्याच्या टाकीला कोणत्याही पाईपाने जोडले जाऊ नये.

भिंत सर्वांत शेवटी

पाण्याचा उगम बंद झाल्यावर भिंतीला सुकायला एक कोरडा मोसम द्यावा. खराब गिलावा ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत काढून विटा मोकळ्या कराव्यात, लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत जातात. ओलरोधक थर नसेल किंवा गाडला गेला असेल, तर जोत्याच्या पातळीवर ओळीने छिद्रे पाडून सिलेनवर्गीय रसायन भरण्याचा उपाय आहे. नवा गिलावा चुन्याचा किंवा भिंतीला श्वास घेऊ देणारा असावा.

आतून घट्ट सिमेंटचा थर दिल्याने ओल वर का चढते, याचे उत्तर येथे आहे. भिंतीतले पाणी आतल्या पृष्ठभागावरून सुकत असते. ती वाट बुजली की ते विटांमधून वर चढते आणि थर संपतो तेथे बाहेर पडते. जमिनीच्या पातळीखालच्या भिंतीवर तर पाण्याचा दाबही असतो. एक मीटर उंच पाणी भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला सुमारे एक टन दाब देते. आतून चिकटवलेला थर हा दाब सोसत नाही. सिमेंट काँक्रीटच्या खांबांची गोष्ट अधिक गंभीर आहे. खारट पाणी आतल्या सळ्यांपर्यंत पोचले की त्या गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटची कपची उडते. अशा खांबावर रंगाऱ्याने हात फिरवू नये. तेथे संरचना अभियंत्याचीच गरज असते.

खर्च कोणाचा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार आवारातील मलवाहिन्या, पाण्याच्या टाक्या, बाहेरचे सामाईक पाईप आणि त्यांमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करावयाची असते. तळमजल्याच्या सभासदाची भिंत ओली होत असली तरी कारण सामाईक वाहिनी असेल तर तो खर्च त्याच्या एकट्याचा नाही. उलट, एखाद्या फ्लॅटमधील न्हाणीघराची गळती असेल तर ती त्या सभासदाची. यासाठीच वर सांगितलेल्या कसोट्यांचा लेखी अहवाल महत्त्वाचा. उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के वर्गणीची तरतूद आहे. जुन्या इमारतींच्या बाबतीत हा मूळ खर्च इतका अल्प असतो की त्या हिशेबाने जमलेली रक्कम पुरत नाही. सर्वसाधारण सभेत स्वतंत्र तरतूद करावी लागते.

पागडीच्या इमारतींचे वेगळे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीचे काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे येते. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती त्यातील ‘अ’ वर्गात मोडतात. रस्त्याखालची वाहिनी तुंबली वा फुटली असेल तर तक्रार महापालिकेच्या विभाग कार्यालयात करावी. माटुंगा पूर्वसाठी ते एफ उत्तर. महापालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. मलवाहिनीची जोडणी बदलताना परवानाधारक प्लंबर आणि महापालिकेची परवानगी आवश्यक.

चेंबरमध्ये माणूस नको

तुंबलेले चेंबर मोकळे करण्यासाठी कोणाला तरी आत उतरवणे ही जुनी सवय आजही सुटलेली नाही. साचलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतो आणि वाचवायला उतरणाराही त्याला बळी पडतो. २०१३ च्या कायद्याने मलवाहिनी व मैलाटाकीची अशी धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई महापालिकेपुरती नाही. खासगी व्यक्ती आणि संस्थांनाही ती लागू आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण संस्थेची मैलाटाकी साफ करताना तीन कामगारांचा मृत्यू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई तीस लाखांवर नेली. सोसायटीच्या समितीने कंत्राट देताना काम जेट व शोषण यंत्रानेच होईल, ही अट लेखी घालावी. रक्कम थोडी वाढेल. ती वाढ मान्य करावी.

वर्षाचे वेळापत्रक

ही कामे पावसाळ्यात सुचतात आणि उन्हाळ्यात करायची असतात. जुलै ते ऑक्टोबर हा नोंदींचा काळ : वेळ, जागा, भूजलाची पातळी, टाकीची परीक्षा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तपासण्या आणि अभियंत्याचा अहवाल. जानेवारीत सभा व मंजुरी. फेब्रुवारी ते एप्रिल, भूजल खाली असताना, खोदकाम आणि पाईप. मे महिन्यात भिंती, आणि पावसाच्या तोंडावर चेंबर, नाल्या व गच्चीचे पाईप यांची सफाई.

काम झाल्यावर आवाराचा एक नकाशा करून घ्यावा. चेंबर कोठे, वाहिनी कोणत्या दिशेने आणि किती खोल, टाकी कोठे, जुनी विहीर कोठे, कोणता तुकडा कोणत्या वर्षी बदलला, एवढे त्यात असावे. जुन्या इमारतींत ही माहिती एखाद्या वयोवृद्ध रहिवाशाच्या किंवा ठरलेल्या प्लंबरच्या डोक्यात असते आणि त्यांच्याबरोबरच जाते. मग पुढची पिढी अंदाजाने खणते आणि मलवाहिनीच्या जागी नळवाहिनी फोडते. नकाशाची एक प्रत सोसायटीच्या दप्तरात आणि एक पंपघराच्या भिंतीवर लावलेली असली, तर पुढच्या दुरुस्तीचे निम्मे काम आजच झाले असे समजावे.